जावई कंप्रेसर बघायला आले

"कंप्रेसर म्हंजी माझ्या डाव्या हाताचा खेळ," असं बिरदेव लग्न ठरताना पाटसला भरल्या बैठकीत बोलून बसला होता.

रांजणगावच्या एका कंपनीत त्याला नोकरी होती आणि त्या कंपनीत कंप्रेसर बनत होते, इथवर सगळं खरं. तिथं तो तयार कंप्रेसरवर स्टिकर चिकटवतो, एवढंच सांगायचं राहून गेलं. तीन वर्षं झाली, राहूनच गेलेलं. बायकोला, पूनमला, कारेगावात नांदायला आल्यावर महिन्याभरातच ते कळलं. पण नवऱ्याची अब्रू म्हणून तिनं माहेरी तोंड मिटून घेतलं. सासरवाडीला बिरदेव इंजिनिअरच राहिला.

आणि रविवारी सकाळी सासऱ्यांचा, ज्योतिबांचा फोन आला.

"पाव्हनं, फ्रीजर चालू ऱ्हाईना. जरा चालतो आन् टक करून बसतो. आज या बरं."

फ्रीजर म्हणजे मेहुण्याच्या, शंभूच्या बंद पडलेल्या रसवंतीतली ती मोठी थोरली पेटी. तिच्यात म्हशीच्या चिकाच्या सहा बाटल्या होत्या. मेहुणी अंकिताला सातवा महिना, तिला डोहाळे लागलेले खरवसाचे, आणि मंगळवारी डोहाळजेवण. म्हैस काय रोज वीत नाही. चीक नासला की सगळं घर विचारणार, पाव्हणं तर इंजिनिअर होते ना? मग बिरदेवनं काय सांगायचं, स्टिकर सरळ लावायला शिकलोय म्हणून?

"आजारी पडू का?" त्यानं पूनमला विचारलं.

"पडा. आई बघाय येईल, मग काय करताल?" पूनम म्हणाली. "चला गुमान."

पाटसला पोचेपर्यंत दुपार झाली. दारात ज्योतिबा, शंभू आणि शेजारचा गेणबा बाह्या सावरून उभेच होते. ज्योतिबा काही बोलायला गेले, पण बिरदेवला वाटलं, आता हे प्रश्न विचारणार. त्यानं घाईघाईनं पिशवीतनं पाना काढला आणि आत सुटला.

सासूबाईंनी, कुशाबाईंनी फ्रीजरवरची जाड घोंगडी हळूच काढली, घडी घालून मांडीवर घेतली. बिरदेवनं प्लग उपसला, दोनदा देवाचं नाव घेतलं आणि भिंत आणि फ्रीजरच्या फटीत डोकं घातलं. आत काळोख, जळमटं आणि कसल्या कसल्या वायरी. कंप्रेसर कुठला तो ओळखू आला, कारण त्याच्यावर स्टिकर होतं. बिरदेवनं समोर दिसला तो स्क्रू आवळला, अर्धा तास तसाच बसून राहिला आणि भीत भीत प्लग लावला.

घर्रर्र करून फ्रीजर चालू झाला.

"बया, हात लावला की लागला चालाय," कुशाबाई म्हणाल्या. "चला, च्या घ्या."

ओसरीवर चहा झाला. बशी खाली ठेवतो न ठेवतो तोच आतनं आवाज आला. टक.

बिरदेव पळत आत गेला. कुशाबाईंनी पुन्हा घोंगडी काढून मांडीवर घेतली. ह्या खेपेला त्यानं तोच स्क्रू ढिला केला. पुन्हा अर्ध्या तासानं घर्रर्र. पुन्हा सगळ्यांनी मान डोलावली, पुन्हा पोह्यांची बशी आली आणि पुन्हा टक. त्याच्या पाठीला घामाची धार लागली. अंकितानं बाटली काढून हलवून बघितली.

"दाजी, वितळाय लागलंय ओ."

तिचे डोळे भरून आले होते. बिरदेवनं पाना खाली ठेवला.

"मामी, जरा थंडच राहू दे आत," तो कसंबसं बोलला.

"म्हनून तर बाई मी सारखी घोंगडी टाकती," कुशाबाई म्हणाल्या. "मागनंबी खवून घेती चांगली. गारवा भाईर जाया नगो."

ज्योतिबा उठले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. "आता वाईच वढू तरी द्या," म्हणाले. चौघांनी मिळून फ्रीजर भिंतीपासनं हातभर पुढं ओढला. ज्योतिबांनी कंप्रेसरला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"ह्याला ताप चढलाय. ऐन चैतात मेंढराला लोकरीसकट खोपीत कोंडल्यावर दुसरं काय हुनार? काढून टाका ती घोंगडी."

घोंगडी गेली. अर्ध्या तासानं फ्रीजर चालू झाला. पाऊण तास झाला, बंद पडला नाही. बाटल्यांवर पुन्हा बर्फ धरला. कुशाबाईंनी पाव्हण्यांच्या नावानं मीठमोहरी ओवाळून टाकली.

निघताना ज्योतिबांनी बिरदेवला गोठ्याकडं बोलावलं. झालं, आता निकाल. भीतीनं त्याच्या तोंडून आपोआपच बाहेर पडलं, "मामा, चुकलं माझं. मी कंपनीत नुसती स्टिकरं चिकटवतो."

"ठावं हाय की," ज्योतिबा तंबाखू मळत म्हणाले. "सोयरीक जुळवायच्या आधी गेटवर चौकशी केलीती आमी."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"दौंडचा मेकॅनिक म्हनला, आधी फ्रीजर वढून भिंतीपासनं लांब घ्या, मग बघाय येतो. आमा तिघांस्नी हलंना. म्हनलं, चौथा गडी बोलवावा." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "तुमी आल्या आल्या पाना काढला. जावयाला मधी कोन बोलनार?"