वापरून पाहणारे परीक्षक

पुस्तक वापरून पाहिल्याशिवाय नामदेवकाका त्याला मार्क देत नाहीत. पाककृतींच्या पुस्तकावरून त्यांनी एकदा करंज्या केल्या आणि मलाच खायला लावल्या, तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. पण जठारपेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाला दुसरा फुकट परीक्षक मिळत नाही, आणि चिटणीस मी. भोगा आता.

यंदा वाचनालयाच्या पुस्तक स्पर्धेला दोनच पुस्तकं आली. एक शाळकरी मुलांना बेसबॉलचं पिचिंग, म्हणजे चेंडू फेकणं शिकवणारं. दुसरी दोन अबोल भावांची कौटुंबिक कादंबरी. यांची तुलना कशी करायची हे देवालाच ठाऊक.

काकांनी सकाळीच मला गल्लीत बोलावलं. वय सत्तरीचं, गळ्यात मफलर, हातात चेंडू. मला समोर उकिडवं बसवून हातात उशी दिली. "पाय उचला, खांदा वयवा, मंग सोडा, असं लिवलं हाय," म्हणाले, खांदा वळवला आणि सोडला. चेंडू शेजारच्या बाईंच्या तुळशीत गेला. पुढचा मोगऱ्यात. बाई भांडल्या त्या माझ्याशी.

"पुस्तकाची चूक नाही, माया खांद्याची हाय," असा निकाल देऊन काकांनी भरघोस मार्क टाकले.

कादंबरी मात्र अडली. रविवारी बक्षीस समारंभ, पाहुण्यांना आमंत्रण गेलेलं, आणि काकांचा एकच धोशा. "शेवटी मोठा भाऊ लायन्याच्या घरी जाते अन् दोघं एका ताटात जेवतेत. असं होते का कुठी?"

"कादंबरी हाय काका. द्या मार्क अन् मोकये व्हा."

"वापरून पाह्यल्याशिवाय?"

"आता कादंबरी कशी वापरता?" मी वैतागून विचारलं आणि जीभ चावली. काकांचा धाकटा भाऊ दर्यापूरला असतो. वाटणीत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. भावजय वारली तरी काका गेले नव्हते. आमच्या वाचनालयात हे सगळ्यांना माहीत आहे.

"चाला मंग दर्यापूरले," काका म्हणाले. "तुमी संग या. मले एकट्याले जमत नाही."

इकडे हार सांगायचे राहिलेले, माईकवाला फोन उचलत नव्हता, आणि मी काकांची पिशवी धरून बसमध्ये उभा. मनातल्या मनात मी राजीनामासुद्धा लिहून टाकला.

दार भावानंच उघडलं.

"काहून आला, दादा?"

"पुस्तक तपासून राह्यलो."

कोणतं, हे त्यानं विचारलं नाही. आत नेलं. भिंतीवर भावजयीचा हार घातलेला फोटो होता, काका त्याच्याकडे पाठ करून बसले. भावानं स्वतःच भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या. ताटं वेगवेगळी होती. जेवताना दोघं एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मलाही भाजी मागता येईना.

निघताना भाऊ दारात, मागे बायकोच्या फोटोकडे पाहत म्हणाला, "ते शेवटपर्यंत म्हने, मोठे भाऊजी येतीन."

बसस्टँडवर काका मफलरनं डोळे पुसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. मार्कांचं विचारायचं धाडसही होईना. तेच बोलले.

"कादंबरीले पुरे मार्क लिवा. फक्त त्या लेखिकेले सांगा, त्या मोठ्या भावाले पयल्याच पानावर पाठवाले पायजे होतं."