साडूच्या जहाजावरची गाळणी

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला खिडक्या तरी मोजता येतात का?" अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून मायक्रॉनने बायकोला विचारलं.

"त्यांच्या घराच्या? सात आहेत."

"घराच्या नाही गं. जहाजाच्या!"

बायकोच्या फोनवर तिच्या धाकट्या बहिणीने पाठवलेला फोटो होता. जेवणाच्या टेबलावर एक राखाडी अंतराळजहाज, आणि त्याच्यामागे ते आपणच चालवत आणल्यासारखा उभा असलेला मायक्रॉनचा साडू.

मायक्रॉन हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. वजनकाटे आणि तापमापक बरोबर आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. केसाच्या जाडीपेक्षा बारीक फरकावरूनही तो तासन्‌तास वाद घालायचा, म्हणून तिथे त्याला हे नाव पडलं होतं. घरी त्याला एकच वेड होतं: 'सातवी कक्षा' ही टीव्हीवरची अंतराळमालिका. ती सुरू झाली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता कानाजवळचे केस पिकले होते आणि मालिका शेवटच्या भागावर येऊन ठेपली होती. तिच्यातलं 'दूरगामी' हे जहाज तो गेली कित्येक वर्षं बनवत होता. अंग शाम्पूच्या बाटलीचं, इंजिनं पेनांच्या टोपणांची. एकेक खिडकी टीव्हीवरचं चित्र थांबवून, पडद्याला नाक टेकवून मोजलेली.

साडूचं फरश्यांचं दुकान होतं. त्याने मालिका बघायला सुरुवात केली ती गेल्या वर्षी, पाय मुरगळून घरी बसावं लागलं म्हणून. पाय बरा होण्याआधीच त्याने थ्रीडी प्रिंटर विकत घेतला, कुणीतरी इंटरनेटवर ठेवलेला आराखडा त्यात घातला आणि गादीवर आडवा झाला. यंत्राने आठवडाभरात जहाज छापून दिलं. हे सगळं मायक्रॉनने एक वेळ सोसलं असतं. पण साडू त्या जहाजाला 'विमान' म्हणायचा.

"काय साडूभाऊ, झालं का तुमचं विमान?" तो फोनवर विचारायचा. "नसेल होत तर सांगा, आमचं मशीन रिकामंच आहे!"

"काहीतरी जळतंय वाटतं," फोन ठेवल्यावर बायको म्हणायची.

"गॅस बंद आहे."

"मग गॅसवरचं नसेल."

मालिकेच्या चाहत्यांनी वाचनालयाच्या सभागृहात जहाजांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा तर मायक्रॉनची झोपच उडाली. परीक्षक म्हणून मालिकेतली सगळी जहाजं हाताने घडवणारे वृद्ध कारागीर येणार होते. आणि जे जहाज पहिलं येईल, ते शेवटच्या भागात 'दूरगामी'च्या जोडीने प्रत्यक्ष टीव्हीवर उडणार होतं. मायक्रॉनला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आणि साडूचं जहाज तिथे उडालं तर टीव्हीच नको होता.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात साडू सहकुटुंब एका लग्नाला गेला. त्याच्या झाडांना पाणी घालायचं म्हणून घराची किल्ली बायकोकडे होती.

"मी घालतो ना पाणी," मायक्रॉन म्हणाला.

"तुम्ही? आपल्या तुळशीचं काय झालं आठवतंय ना?"

पण तो निघालाही होता. खिशात भिंग होतं आणि कॅलिपरही, म्हणजे सरकत्या जबड्याची ती पोलादी मोजपट्टी. झारीला त्याने हातही लावला नाही. थेट जेवणाच्या टेबलाशी गेला. त्याला फक्त एक चूक हवी होती. खिडक्या मोजल्या, बरोबर. शेपटीचा कोन मोजला, बरोबर. त्याला दरदरून घाम फुटला. राहता राहिली जहाजाच्या डोक्यावरची तबकडी, संदेश पकडणारी. तिचा व्यास घेण्यासाठी त्याने कॅलिपरचे जबडे दोन्ही बाजूंनी टेकवले. आकडा मनासारखा येईना, म्हणून अगदी किंचित दाबले.

कट्‌ असा आवाज झाला आणि तबकडीचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर आले.

व्यास बरोबरच होता.

साडू संध्याकाळी परतणार होता. दुकानं दुपारची बंद होती. तुकडे चिकटवले तर भेग दिसत होती. अशा वेळी मायक्रॉनच्या डोक्यात अनेक वर्षांची एक शंका वर आली. मालिकेतली ती तबकडी त्याने चित्र थांबवून हजारदा पाहिली होती. ती सपाट नव्हती, जाळीची होती, आणि तिचा खोलगटपणा त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. ती चहाची गाळणी होती! अगदी त्याच्या ओट्यावरच्या गाळणीसारखी. आपल्या जहाजासाठी त्याने बायकोकडे ती किती वेळा मागितली होती!

"आईने स्वतःच्या हाताने दिलेली गाळणी आहे ती," बायको दर वेळी म्हणायची. "तिला हात लावलात तर चहा बाहेर प्यायचा. जेवणही."

त्या दुपारी बायको शेजारी गेली होती. मायक्रॉनने गाळणीचा दांडा कापला, जाळीला राखाडी रंग दिला, जाऊन ती साडूच्या जहाजावर बसवली आणि मागे सरून पाहिलं. जहाज एकदम जिवंत दिसत होतं. आणि आता तीच युक्ती स्वतःच्या जहाजावर केली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. त्याच्या 'दूरगामी'च्या डोक्यावर बाटलीचं झाकण होतं ते तसंच राहिलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "गाळणी कुठे गेली?"

"मी घासायला घेतलीय."

"तुम्ही?" तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने कामावरून येताना तशीच नवी गाळणी आणली आणि गच्चीवर नेली. नवी वस्तू जुनी दिसायला लावणं ही जहाजं बनवणाऱ्यांची खरी विद्या. दांडा ज्योतीवर धरून त्याने सासूबाईंच्या गाळणीवरचा निळसर तपकिरी डाग हुबेहूब उठवला. कडेला होता तसाच पोचा मारला. जाळी कडक चहात उकळून मुरवली. बायकोने गाळणी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "घासली कुठे? होती तशीच आहे."

मायक्रॉनचा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. वृद्ध परीक्षक भिंग घेऊन टेबलांमधून फिरत होते. मायक्रॉनच्या जहाजापाशी ते बराच वेळ थांबले.

"खिडक्या बिनचूक आहेत," ते म्हणाले. मायक्रॉन ताठ झाला. "तबकडी मात्र बाटलीचं झाकण वाटते." आणि पुढे गेले.

साडूच्या जहाजापाशी ते वाकले ते वर होईचनात. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"बाकीचं जहाज यंत्राने केलंय, त्याचं मला कौतुक नाही. पण ही तबकडी! पहिल्या भागाच्या वेळी आमची तबकडी ऐनवेळी फुटली. मी घरातली चहाची गाळणी उचलून लावली आणि आजवर कुणाला बोललो नाही. हे ज्याने नुसतं बघून ओळखलं, त्याच्यासारखा माणूस मला हाताखाली मिळाला नाही. पहिला क्रमांक या जहाजाचा."

साडूने तबकडीकडे पाहिलं. ती तो पहिल्यांदाच बघत असावा. पण माणूस दुकानदार होता.

"सुचलं आपलं बसल्या बसल्या," तो नम्रपणे म्हणाला. "विमानाला शोभलं म्हणून लावलं."

'विमान' ऐकलं आणि मायक्रॉनच्या आत काहीतरी कट्‌ झालं. खुर्ची मागे आपटली.

"मी मोडली!" तो छाती ठोकून ओरडला. "ती तबकडी मी मोडली!"

परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे आधीची मी मोडली. ही मी लावली! गाळणी आमच्या घरची आहे!"

"साडूभाऊ, बसा हो," साडू मायेने म्हणाला. "पुढच्या वेळी तुमचं येईल."

"हिला विचारा! माझ्या बायकोला विचारा!"

सगळ्या माना बायकोकडे वळल्या. ती गोंधळून उभी राहिली.

"आमची गाळणी घरी आहे. आज सकाळी यांना तिच्यातूनच चहा दिला. दांड्यावर डाग, कडेला पोचा. डोळे मिटून ओळखेन मी."

"ती नकली आहे! डाग मी पाडलाय! पोचा मी मारलाय! चहात उकळलीय मी ती, गच्चीवर!"

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि मग हसू थांबेना. मेहुणी बहिणीच्या कानाशी लागली. "ताई, भावोजींना चार दिवस रजा घ्यायला सांग गं." परीक्षकांनी स्वतः येऊन मायक्रॉनच्या हातात पाण्याचा पेला दिला. "होतं असं," ते हळूच म्हणाले. "मलाही तरुणपणी दुसऱ्यांचं काम बघवायचं नाही."

संध्याकाळी घरी तो ओट्यापाशी उभा राहून गाळणीचा दांडा नखाने खरवडत होता. डाग निघाला की बायकोला पटलं असतं. पण तापून पोलादावर चढलेला रंग नखाने निघत नाही, हे त्याला प्रयोगशाळेत सगळ्यात चांगलं माहीत होतं. त्याने तो पाडलाच होता तसा पक्का.

"द्या इकडे," बायको गाळणी काढून घेत म्हणाली. "आईचीसुद्धा वस्तू आता सोडणार नाही का?"

तिने चहा गाळला. मग गाळणी दिव्यासमोर धरली, अंगठा पोच्यावरून फिरवला आणि तिचा आवाज मऊ झाला.

"बघा ना, इतकी वर्षं झाली, एक तार हललेली नाही जाळीची. असलं काम आता कोण करतं?"

मायक्रॉनने मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, असलं काम आता कोण करतं."

त्याने कप घेतला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर व्यवस्थित बसला.

"पुन्हा एकदा म्हण," तो म्हणाला. "सावकाश."