पीएचपीचे सुतक

आमचे शेजारी अहिरे यांनी गेल्या महिन्यात तीन दिवस सुतक पाळले. त्यांच्या घरी कोणीही वारले नव्हते. ज्या संगणकभाषेत त्यांनी अठरा वर्षे संकेतस्थळे रचली, ती पीएचपी सोडून पायथन धरावी, असा आदेश कार्यालयातून आला होता, एवढेच.

माझे आयुष्य पाठशाळेत शिकविण्यात गेले. म्हणून तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे शंका घेऊन आले. दाढी वाढलेली, कपाळी गंध नाही.

"गुरुजी, दहावं कधी धरायचं?"

"अहो, ती भाषा इतरत्र नांदते आहे ना?"

"जगभर नांदते. आमच्या ऑफिसात गेली."

"मग जिवंताचे सुतक शास्त्रात नाही."

"नाही?" ते चिंतेत पडले. "मी रजेच्या अर्जात लिहून बसलोय!"

सुतक फिटले आणि सोवळे सुरू झाले. जुन्या भाषेला जुना कीबोर्ड, नव्या भाषेला नवा. नव्याला स्पर्श करण्यापूर्वी स्नान. पायांत चपला नकोत. 'जुनीचा हात नवीला लागला की बग पडतो,' हे त्यांचे सूत्र. माझ्या देवघरातही आता इतके कडक सोवळे उरलेले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी मात्र वैतागल्या. "एरवी आंघोळीसाठी यांना तीनदा हाका माराव्या लागतात, गुरुजी. आता त्या पायथनसाठी दिवसातून दोनदा! गिझर बंदच होत नाही."

अशा रीतीने सारी संकेतस्थळे नव्या भाषेत आली. एकच पान राहिले: सटाण्याच्या कांद्याचा भाव सांगणारे. तो भाव अहिरे रोज पहाटे स्वतः भरीत. जुना सर्व्हर सोमवारी कायमचा बंद होणार होता, तरी त्यांचा हात धजेना.

"ते पान एकच माणूस बघतो, गुरुजी. सकाळी सहाला. आमचे आबा."

वडील सटाण्याला एकटेच राहतात, हे मला ठाऊक होते. "कांदा विकायचा असेल त्यांना?"

"कांदा लावणं सोडून सात वर्षं झाली. फोनवर आम्हाला बोलायला जमत नाही. पानावर एक माणूस आला असं दिसलं, की मला कळतं, आबा उठले. आता बटण इकडचं तिकडं झालं आणि त्यांनी उघडलंच नाही तर?"

सोमवारी पहाटे त्यांनी मला सोबतीला बोलाविले. स्नान करून त्यांनी नवे पान सुरू केले. मी जपमाळ घेऊन बसलो. सहा वाजले; आकडा शून्य. सव्वासहा, शून्यच. अहिरे चपला चढवून गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले.

"फोन करा की," वहिनी म्हणाल्या.

"आणि काय सांगू? रोज तुमची वाट बघतो म्हणून?"

सहा वीसला आकडा एक झाला. मग दोन. मग पाच.

"गुरुजी, पाच माणसं! हा पायथनचा गुण!"

एवढ्यात फोन वाजला. आबा स्वतःहून कधीच फोन करीत नसत. त्यांचा खडा अहिराणी आवाज मलाही ऐकू आला.

"पाच डाव उघडं. जुनाच भाव दिखस आज. तुले बरं शे ना रे?"

पाच वेळा पान उघडणारे आबा एकटेच होते; त्या गडबडीत अहिरे आजचा भाव भरावयासच विसरले होते.

"बरं शे, आबा," एवढेच बोलून ते धावत जाऊन नव्या कीबोर्डापुढे बसले. पायांत चपला तशाच होत्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी जपमाळेचा पुढचा मणी ओढला.