लवेचा पाठ

वनस्पतींच्या अंगावरची लव हा विषय शिकवावा तर तो मीच, असं माझं ठाम मत होतं आणि भोरातल्या बऱ्याच जणांना मी ते ऐकवलंही होतं. वेल्ह्याकडच्या खेड्यात माझी मास्तरकी अजून हंगामी होती. शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार, त्यांच्यापुढे नमुन्याचा पाठ घ्यायचा आणि नोकरी कायम करून घ्यायची, एवढा सरळ बेत होता.

भोपळ्याचं पान झालं, भेंडी झाली. सगळ्यांवर कडी म्हणून डोंगरातून खाजकुइलीच्या शेंगा आणल्या. दिसायला मखमल, पण तिची लव अंगाला लागली की माणूस नाचतो. मी काय कच्चा होतो? शेंगा काठीनं पाडल्या, पंच्यात गुंडाळून आणल्या आणि चिमट्यानं बाटलीत भरून बूच लावलं. पंचा उकळत्या पाण्यात टाकायचा म्हणून परसातल्या दोरीवर लांब टाकून ठेवला.

साहेब वेळेच्या आधीच आणि थेट माझ्या घरी आले. मी शाळेत फळा पुसत होतो. धावत घरी आलो, तर साहेब हातपाय धुऊन तोंड पुसत होते. मग मान. मग कानामागं, अगदी सावकाश.

"अगं, हा पंचा कुठला?" मी बायकोला, सौदामिनीला, हळूच विचारलं.

"दोरीवरचा. घरात न फाटलेला तेवढा एकच आहे ना."

साहेबांना घेऊन मी शाळेत आलो, बाटली टेबलावर ठेवली. वाऱ्यानं लव उडून गेली असेल, अशी मनाची समजूत घालत मी पाठ सुरू केला. "मुलांनो, झाडाला ही लव कशासाठी असते?"

साहेबांनी पेन्सिलीनं मान खाजवली. मग कान. थोड्या वेळानं ते म्हशीनं बाभळीला घासावी तशी पाठ भिंतीला घासू लागले. चेहऱ्यावर लाल गांध्या उठल्या. शेजारी गावचे मानसिंग पाटील बसले होते, ते निरखून पाहत राहिले.

"सायेब, अंगात कसकस हाय का?"

"सकाळपासून जरा आहे खरी," साहेब म्हणाले.

पाटील उठले, दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी हात जोडले. "देवी आल्यात. गुरुजी, पोरं घरला धाडा."

धाडावी लागलीच नाहीत. खिडकीतूनसुद्धा गेली.

"सायबास्नी गावाबाहेरच्या गोठ्यात ठिवू," पाटील दारातून म्हणाले. "लिंबाचा पाला आंथरू. उतार पडंपतुर कुणी जवळ जायाचं न्हाई."

गोठा ऐकून साहेब खालीच बसले. त्यांनी माझा हात धरला. "गुरुजी, माझी धाकटी अजून बोलतही नाही हो. घरी निरोप कोण देईल?"

मी गप्प राहिलो असतो, तर उद्यापर्यंत खाज गेली असती, देवीची कृपा झाली असती आणि माझी नोकरीही वाचली असती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. पण ते माझा हात धरून बसले होते आणि हात गार पडला होता.

"साहेब, या देवी नाहीत," मी म्हणालो. "खाजकुइली आहे. पंच्यात होती. पंचा माझा."

पाटलांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं, आणि उंबऱ्यावरच बसकण मारली. "आवं, मग आदी बोलायचं न्हाई व्हय?"

साहेब मात्र उठले. आता नोकरी गेली, असं मी समजतोय तोवर त्यांनी मला घट्ट मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. गाल माझ्या गालाला घासत होता, आणि ती मिठी काही सुटेना.

पाटलांच्या बायकोनं, फुलाबाईंनी, पाटीभर शेण आणलं. "चोळा आन् वाळंपतुर हलू नगा," त्यांनी बजावलं. शाळेच्या अंगणात आम्ही दोघं शेणानं माखून उन्हात बसलो. मुलं कुंपणाआडून बघत होती.

मग साहेब बोलले. ओठावरचं शेण वाळल्यामुळं त्यांना तोंड फार उघडता येत नव्हतं.

"गुरुजी, मुलांचं माहीत नाही, पण मला पाठ समजला. पुन्हा घेऊ नका."

नोकरी कायम झाली. गणितासाठी.