अर्लीनचा नेम आणि हिरवा डॅशबोर्ड

राखेच्या बुधवारी सकाळी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता अर्लीन कुबियाकने ठरवून टाकलं, की यंदा ईस्टरपर्यंत चॉकलेट सोडायचं नाही. सोडायचं ते नवऱ्याला नावं ठेवणं.

चॉकलेट सोडण्यात तसा काही राम उरला नव्हता. गेली चौदा वर्षं ती ते सोडत होती आणि चौदाही वर्षं ईस्टरआधीच्या व्रताच्या त्या चाळीस दिवसांत तिचं वजन वाढत होतं (चॉकलेटला बंदी असली तरी डोनटला नसते). नावं न ठेवण्याचं व्रत मात्र खरं जिवाला लागणारं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि नॉर्बर्टला रोज निदान पाच-सात सूचना केल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. तिच्या मते त्या सूचना होत्या. नॉर्बर्टच्या मते ते हवामानाचं भाकीत होतं. ऐकून घ्यायचं आणि ठरवलेलेच कपडे घालून बाहेर पडायचं.

व्रताचा बोभाटा करायचा नसतो, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. नॉर्बर्टलाही नाही. रविवारी नेमाला सुटी असते असं मानणारी माणसं त्यांच्या टोलीडो शहरात पुष्कळ आहेत, पण अर्लीन त्यांतली नव्हती. रविवार धरून शेहेचाळीस दिवस, एक शब्द नाही.

आता नॉर्बर्ट त्या दिवसांत काय करत होता ते सांगायला हवं. पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो गॅरेजमध्ये वडिलांची गाडी नवी करत होता. एकोणसत्तर सालची, दोन दारांची, पुढे हे एवढं आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू झाली की शेजारच्यांच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. इंजिन झालं होतं, पत्रा झाला होता, चाकं चकाकत होती. राहिलं होतं आतलं हिरवं प्लास्टिक: डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या बाजू, दोन सीटांमधला लांबट खण. पन्नास वर्षांच्या उन्हाने त्यांचा हिरवेपणा पार गेला होता, आणि नॉर्बर्टला रंग हवा होता तो कारखान्यातून आला तेव्हाचा. तसाच्या तसा.

त्यासाठी त्याने शक्कल लढवली होती. डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन कधी शिरलंच नाही, तिथून त्याने प्लास्टिकची एक बिस्किटाएवढी पट्टी काढली. ती तो शर्टाच्या खिशात बाळगायचा, चर्चमध्येसुद्धा. रंगाच्या दुकानात ती रंग जुळवणाऱ्या यंत्राखाली धरून त्याने स्प्रेचे सहा डबे भरून आणले आणि पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड रंगवून टाकला.

"अर्लीन! ये गं जरा. जुळला की नाही?"

अर्लीन दारात उभी राहिली. डॅशबोर्ड बरणीतल्या लोणच्याच्या काकडीसारखा दिसत होता. आणि तिला एका क्षणात कळलं की चूक कुठे झाली. सासरे, म्हणजे म्हातारे बोलेक, त्या गाडीत दिवसाला सहा सिगार ओढत. ते गेल्यावर त्यांच्या घराचे पडदे अर्लीननेच धुतले होते. चार पाण्यांतून काढले तेव्हा कुठे त्यांवर फुलं आहेत हे समजलं. डॅशबोर्डच्या मागे ऊन पोचलं नसेल, धूर बरोबर पोचला होता. नॉर्बर्टने जपून आणलेला अस्सल रंग हा सासऱ्यांच्या सिगारचा रंग होता.

हे सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तिने ते गिळलं.

"एकसारखा बसलाय," ती म्हणाली. (खोटं बोलायचं नाही हा नेम आधीपासूनचाच होता.) "कुठे ओघळ नाही."

नॉर्बर्ट तिच्याकडे बघतच राहिला. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि जमिनीवर वर्तमानपत्र नाही घातलं, ते?"

"जमीन तुझीच आहे रे."

त्या दिवशी तो जेवताना शीळ घालत होता. पुढच्या दोन आठवड्यांत तर तो बदललाच. ज्या बाईला एकेचाळीस वर्षांत त्याने मारलेला एक खिळा सरळ दिसला नव्हता, तिला आता कशातच खोट सापडत नव्हती. त्याची छाती फुगत गेली. आणि तिसऱ्या शुक्रवारी, अर्लीन चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायला जाण्यासाठी स्वयंपाकघरात ॲप्रन शोधत असताना, त्याने थेट लिओनार्डला फोन लावला.

लिओनार्ड त्याचा थोरला भाऊ. एकतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात राबलेला. वडिलांनी गाडी धाकट्याच्या नावावर केली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, दोघांत बोलणं नव्हतं. ख्रिसमसची कार्डं येत, पण ती वहिनी फिलिसच्या अक्षरात.

"लेन, मी नॉर्ब. ईस्टरला ये. बाबांच्या गाडीत बस. नाही, ऐक तर खरं! आतला एक तुकडा जरी तेव्हा होता तसा नसला, तर किल्ली घे आणि गाडी घेऊन जा. कागदावर सही करून देतो."

पलीकडून काहीतरी ऐकू आलं.

"काय म्हणाला?" अर्लीनने विचारलं.

"गाडी न्यायला ट्रेलर जोडूनच येतो म्हणाला." नॉर्बर्ट खुशीत हसला. "येऊ दे की. जिथे तुला काही सापडलं नाही, तिथे त्याला काय सापडणार?"

अर्लीन ॲप्रन शोधायचं विसरली. अकरा वर्षांनी भाऊ दारात येणार, आणि तो येणार लोणच्याच्या काकडीत बसायला. गाडी तर जाईलच, वर दोघं भाऊ उरलेल्या जन्मात एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पापनिवेदनाला गेली आणि जाळीपलीकडच्या फादर टिमकोंना तिने सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक त्याला," फादर म्हणाले. "चूक दाखवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. मी मोकळीक देतो."

"फादर, एकेचाळीस वर्षं मी हेच म्हणत आले. मी नावं ठेवत नाही, चूक दाखवते."

जाळीपलीकडे फादरांची खुर्ची करकरली.

"मग तोंडाने बोलू नकोस," फादर अखेरीस म्हणाले. "दुसरी काही मदत करता आली तर बघ."

हे वाक्य फादरांनी सहज म्हटलं असावं. अर्लीनने ते आज्ञा म्हणून घेतलं.

सोमवारी कपडे धुताना तिने नॉर्बर्टच्या खिशातली पट्टी काढली, ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेतला आणि घासली. फडकं तपकिरी झालं. पट्टीखालून कोवळ्या मटाराचा हिरवा रंग वर आला, इतका गोड की तिला गहिवरून आलं. ती पट्टी घेऊन तशीच रंगाच्या दुकानात गेली, त्या रंगाचे तसलेच तीन डबे भरून आणले, आणि नॉर्बर्टच्या फळीवरचे उरलेले तीन डबे उचलून त्यांच्या जागी हे ठेवून दिले. तोंडातून शब्द नाही, नावं ठेवणं नाही. दारं तरी बरोबर होतील. मग डॅशबोर्डचं बघता येईल, देव काहीतरी वाट काढेल.

राहिली पट्टी. ती स्वच्छ झालेली नॉर्बर्टने पाहिली असती तर त्याने विचारलं असतं, आणि विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. म्हणून तिने ती कॉफीत बुडवून ठेवली, दिवसभर. सिगारने वर्षानुवर्षं केलेलं काम कॉफी एका दिवसात करील अशी तिची आशा होती. कॉफीने काहीतरी केलं खरं, पण ते शिजून गळलेल्या घेवड्याच्या शेंगांसारखं दिसत होतं. तिने पट्टी पुसून खिशात घातली आणि एक प्रार्थना म्हटली.

नॉर्बर्टने मटाराच्या डब्यांनी दोन्ही दारं रंगवली. गॅरेजातल्या पिवळट दिव्याखाली, एकावेळी एकच वस्तू टेबलावर घेऊन, त्याला काही वावगं दिसलं नाही. पण दारांना तिन्ही डबे संपले. मधला खण उरला होता. तो खिशातली पट्टी घेऊन पुन्हा दुकानात गेला, पट्टी यंत्राखाली धरली आणि घेवड्याचे दोन डबे घेऊन घरी आला.

अर्लीनला हे कळलं तेव्हा खण वाळत टांगलेला होता.

"कसा आहे?" नॉर्बर्टने विचारलं.

ती खणाकडे बघत होती. तिने हात घातला नसता, तर निदान सगळी गाडी एकाच रंगात चुकली असती.

"चांगला वाळतोय," ती म्हणाली, आणि घरात जाऊन पाच मिनिटं नुसती खुर्चीवर बसली.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी ती टोपली घेऊन अन्नाला आशीर्वाद घ्यायला गेली. सॉसेज, राय ब्रेड, अंडी, ईस्टरसाठी लोण्यातून घडवलेलं कोकरू. फादरांनी पाणी शिंपडलं तेव्हा तिने टोपली मुद्दाम जरा पुढे केली, की चार थेंब जास्त पडावेत. घरी आली तर नॉर्बर्टने सगळे तुकडे बसवून गाडी अंगणात काढली होती. भर उन्हात.

तो दार उघडून वाकला होता. बराच वेळ.

"अर्लीन, हे दार... जरा वेगळं वाटतं का गं?"

नेमाचा तो शेवटचा दिवस होता. तिने टोपली घट्ट धरली.

"दार फार सुंदर झालंय, नॉर्ब." हे अक्षरशः खरं होतं.

"मग माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय," तो म्हणाला आणि समाधानाने आत गेला.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्सा झाल्यावर लिओनार्ड आला. ट्रेलर खरंच जोडलेला होता. फिलिसने केक आणला होता आणि ती अर्लीनच्या गळ्यात पडून रडली. भावांनी एकमेकांना मान हलवली. न्याहारीला कुणी बसलंच नाही. लिओनार्ड सरळ गाडीकडे गेला, दार उघडलं आणि चालकाच्या जागेवर बसला.

त्याने डॅशबोर्डवर हात फिरवला. मग दारावर. मग खणावर. मग पुन्हा डॅशबोर्डवर.

अर्लीन मनातल्या मनात जपमाळ ओढत होती. नॉर्बर्ट एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"हे कुणी केलं?" लिओनार्डने विचारलं.

"मी."

"तुला कसं माहीत? चार वर्षांचा होतास तू."

"काय कसं माहीत?"

"तीन हिरवे!" लिओनार्डचा आवाज चिरकला. "अरे, बाबांनी गाडी घरी आणली त्या दिवशी असंच होतं. डॅशबोर्ड वेगळा, दारं वेगळी, हा खण वेगळा. बाबा परत गेले दुकानात, काउंटरवर अशी मूठ आपटली! आणि विकणारा म्हणाला, साहेब, तीन तुकडे तीन ठिकाणांहून येतात, सगळ्यांचं असंच असतं. पुढे मी स्वतः एकतीस वर्षं पाहिलं ते. दोन-तीन वर्षांत बाबांनी धूर सोडून सोडून सगळं एका रंगाचं केलं, तेव्हा कुठे त्यांचा राग गेला." त्याने बाहीने डोळे पुसले. "लोक या गाड्या नव्या करतात आणि आत सगळं एकाच रंगात रंगवतात. बक्षिसं घेतात. खोटं असतं रे ते. हे खरं आहे."

नॉर्बर्टने गाडीत डोकं घातलं. डॅशबोर्ड पाहिला, दार पाहिलं, खण पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही येऊन गेलं.

"आठवणीतून केलं," नॉर्बर्ट म्हणाला.

मग दोघं भाऊ गाडीत बसले. लिओनार्डनेच किल्ली फिरवली, शेजारच्यांच्या बश्या वाजल्या, आणि ते जे गेले ते दुपारी दोनला परतले. सॉसेज दोनदा गरम करावं लागलं. जेवताना लिओनार्ड बाबांच्या गोष्टी सांगत होता, नॉर्बर्ट त्या दुरुस्त करत होता, आणि फिलिस अर्लीनचा हात टेबलाखाली धरून होती. ट्रेलर रिकामाच परत गेला. पुढच्या महिन्यात मासे पकडायला जायचं ठरलं.

रात्रीची भांडी आवरता आवरता अर्लीनने नॉर्बर्टला सगळं खरं सांगितलं. नेम संपला होता. सिगार, सोडा, दुकान, डबे, कॉफी, एकही गोष्ट वगळली नाही.

नॉर्बर्टने शांतपणे ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं खाली ठेवलं आणि फार मायेने म्हणाला, "अर्लीन, डबे इकडचे तिकडे करून असं होत नसतं गं. त्याला रंगाची पारख लागते."

"अरे, पण मीच तर..."

"तुलाही मदत करावीशी वाटली, हे मला पोचलं. खरंच पोचलं."

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर फादर टिमको दोघांना पायरीवर गाठून म्हणाले, की गुडघे टेकायच्या बाकांवरचं रेक्झिन पार विटलंय, मूळ रंग जुळवून मिळेल का. बोलताना ते अर्लीनकडे पाहत होते, कारण तीस वर्षं वेदीवरची वस्त्रं तीच सांभाळत होती. आणि शिवाय त्यांनी जाळीपलीकडून जे ऐकलं होतं ते ऐकलं होतंच.

"अर्लीन, तुला काय वाटतं? कुठला लाल घ्यावा?"

अर्लीनने तोंड उघडलं. नॉर्बर्टने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रंगाचं मला विचारा, फादर," तो म्हणाला. "तिला नका विचारू. तिला बिचारीला सगळंच छान दिसतं."