गळतीचे निवारण

तक्रारसाहेबांनी चष्मा पुसला, मुलाचा मोबाइल हातभर लांब धरला आणि पहिला अभिप्राय मोठ्यांदा वाचला.

"'ऐकताना कोणीतरी डोक्यात खिळे ठोकतंय असं वाटलं. पाच तारे.'"

"पाच तारे म्हणजे चांगलं ना?" बायकोने आतून विचारलं.

"चुकून दाबले गेले असतील. डोक्यात खिळे ठोकल्यावर माणसाचा हात थरथरणारच."

साहेब पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख होते. सगळी नोकरी त्याच खात्यात गेल्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. मुलगा मात्र तीन जणांच्या एका बँडमध्ये गिटार वाजवून गात असे. बँडचं नाव 'गंजलेले नळ' आणि नुकत्याच आलेल्या पहिल्या अल्बमचं नाव 'गळती'. पंपवाल्याच्या पोटी जन्म घेऊन पोराने नेमकी हीच नावं निवडावीत, हे साहेबांच्या जिव्हारी लागलं होतं. पण माणूस न्यायाचा. शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहाचा मॅनेजर दर महिन्याला एका नव्या बँडला एक संध्याकाळ देत असे, आणि श्रोत्यांचे अभिप्राय बघून बँड निवडत असे. ती संध्याकाळ मिळाली तर मुलाने खुशाल गावं. नाही मिळाली तर एक तारखेपासून कंपनीच्या स्टोअरमध्ये रुजू व्हावं. बापलेकांचं असं ठरलं होतं.

अभिप्राय वाचायचं धैर्य मुलाच्या अंगात नव्हतं. त्याने मोबाइल वडिलांच्या हवाली केला होता आणि कानात कापसाचे बोळे घालून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबा, तुम्ही वाचा. वाईट असेल तर सांगू नका. चांगलं असेल तरी सांगू नका."

"मग वाचू कशाला?"

"कोणीतरी वाचायला पाहिजे ना," असं म्हणून त्याने दुसरा बोळा घातला होता.

साहेब पुढे वाचत गेले. 'घाण. घाण. घाण. परत लावतोय.' 'गायक विहिरीत पडलाय आणि कोणी दोर टाकत नाही. अप्रतिम.' 'शेजारी भांडायला आले, मी आवाज आणखी वाढवला.' साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांच्या खात्यात आजवर कौतुक करायला कोणी फोन केला नव्हता, त्यामुळे कौतुक कसं दिसतं याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. तक्रार मात्र ते वासावरून ओळखत. आणि तक्रार उघडी ठेवून जेवायला बसायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

त्यांनी बँडच्या खात्यावरून एका बोटाने उत्तर लिहिलं : 'आपणास झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. खिळे ठोकल्यासारखा आवाज आजच काढून टाकण्यात येईल. गायकास विहिरीतून बाहेर काढण्याचे काम हाती घेतले आहे.'

मग त्यांनी मुक्याला बोलावून घेतलं. मुका म्हणजे बँडमधला बास गिटारवाला. अल्बम ध्वनिमुद्रित करण्यापासून गाण्यांच्या ॲपवर चढवण्यापर्यंतची सगळी तांत्रिक बाजू तोच सांभाळत होता. सहसा तोंड उघडत नसल्यामुळे त्याचं हे नाव पडलं होतं.

"हे ड्रम जरा खाली घे. खिळ्यांची तक्रार आहे," साहेब म्हणाले.

मुक्याने साहेबांकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मित्राकडे पाहिलं आणि लॅपटॉप उघडला. थोडा वेळ कळा दाबल्या. मग हेडफोन साहेबांच्या कानावर चढवले.

"वा. आता कसं सुसह्य झालं," साहेबांनी मान डोलावली. "अगं, तू पण ऐक."

बायकोने हात पुसत हेडफोन लावले. "मला तर काल होतं तसंच वाटतंय."

"तुझे कान कारखान्यात तयार झालेले नाहीत."

"नशीब माझं," म्हणत ती परत आत गेली.

साहेबांनी अभिप्रायाखाली 'निवारण झाले' असं लिहिलं आणि ते समाधानाने जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी अभिप्रायांचा पूर आला. या नळवाल्यांनी कंपन्यांच्या छापील दिलगिरीची काय खिल्ली उडवलीय, म्हणून लोक एकमेकांना ती उत्तरं पाठवू लागले. आपल्यालाही एक दिलगिरी मिळावी म्हणून जो तो खोड काढू लागला. गिटार कर्कश आहे. शब्द कळत नाहीत. चौथ्या गाण्यात कोणीतरी खोकतंय. साहेबांना इतकं काम कंपनीतही कधी पडलं नव्हतं. त्यांनी रजा टाकली. मुका रोज यायचा, कळा दाबायचा, हेडफोन चढवायचा, चहा घेऊन जायचा.

"याला म्हणतात कामाचा मुलगा," साहेब बायकोला म्हणाले. "कशाला म्हणून कधी नाही म्हणत नाही."

"तो कशालाच काही म्हणत नाही हो."

हळूहळू श्रोत्यांत दोन तट पडले. 'ड्रम आता मखमलीसारखे लागतात, दुरुस्तीबद्दल आभार,' असं एका गटाने लिहिलं. 'खिळे काढले आणि अल्बमचा जीवच गेला,' असं दुसऱ्याने. मूळवाले आणि दुरुस्तीवाले एकमेकांचे कान उपटू लागले. संगीत शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने दोन्ही रूपांची तुलना करणारा लांबलचक मजकूर लिहिला आणि शेवटी, खोकला वगळल्याने चौथ्या गाण्यातली मानवी वेदना हरवल्याचं दुःख व्यक्त केलं.

तो मजकूर ढोल्याच्या वाचनात आला. ढोल्या म्हणजे बँडचा ड्रमवाला. तो चपला न काढता घरात घुसला.

"काका, माझे ड्रम कुठे गेले?"

"तक्रार होती."

"कोणाची?"

"डोक्यात खिळे जात होते म्हणे."

"अहो, खिळे जावेत म्हणूनच वाजवतो मी. आत्ता जिन्यात ऐकलं. टाळकं फिरलं माझं. उशीवर वाजवल्यासारखं येतंय."

त्याने मित्राच्या कानातले बोळे उपटले, त्याला बसता केला आणि सगळं सांगितलं. मुलाने हेडफोन लावले. दोन ओळी ऐकल्या आणि डोळे मिटले.

"बाबा, माझा आवाज धुतलाय तुम्ही."

"विहिरीतून वर काढलाय."

"मला विहिरीतच राहायचं होतं."

तेवढ्यात मोबाइल वाजला. नाट्यगृहाच्या मॅनेजरचा निरोप होता. साहेबांनी सवयीने तोही मोठ्यांदा वाचला. "'अल्बम आला तेव्हा ऐकला होता. आग होती. तुमच्या दुरुस्त्यांनंतर काल परत ऐकला, तर दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. मूळ आवाज आज संध्याकाळपर्यंत परत लावलात तर तारीख तुमची. नाहीतर दुसरा बँड तयार आहे.'"

मुलगा हळूच म्हणाला, "स्टोअरमध्ये किती वाजता यायचं असतं, बाबा?"

एवढी वर्षं साहेबांनी पोरगा स्टोअरमध्ये कसा दिसेल याचं चित्र मनाशी रंगवलं होतं. आता तो समोर बसून वेळ विचारत होता, आणि ते चित्र काही केल्या नीट दिसेना.

"फोन लाव त्या मुक्याला," ते म्हणाले. "जुना माल शिल्लक आहे का विचार."

मुका आला. ढोल्याने त्याची कॉलर धरली. "मूळ फाइल ठेवलीस की पुसलीस?"

मुक्याने कॉलर सोडवली, घसा साफ केला आणि कोणी ऐकलं नव्हतं इतकं सलग बोलला. "पुसायचं काय? मी काही बदललंच नाही. अल्बम पहिल्या दिवशी होता तोच आहे. काकांच्या हेडफोनचा आवाज तेवढा रोज थोडा कमी करत होतो."

"अरे, पण मी जिन्यात ऐकलं ना," ढोल्या म्हणाला. "उशीवर..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

मुलाने हेडफोन परत लावले. या खेपेस त्याला चौथ्या गाण्यातला स्वतःचा खोकला स्वच्छ ऐकू आला. "आहे की," तो पुटपुटला.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," दारातून आईचा आवाज आला. कोणी तिकडे बघितलं नाही.

साहेबांना कंपनीतली गिऱ्हाइकं आठवली. फिटर येऊन गेल्यावर पंप कसा गुपचूप चालायला लागला, हे फोन करून सांगणारी. फिटर नुसता फडकं मारून येतो, असा त्यांना अधूनमधून संशय यायचा. तो त्यांनी कधी तपासला नव्हता.

त्यांनी मोबाइल उचलला आणि एका बोटाने मॅनेजरला उत्तर लिहिलं : 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन मूळ आवाज पूर्ववत बसवला आहे. निवारण झाले. कृपया ऐकून खात्री करावी.'

चौघे मोबाइलभोवती बसून राहिले. चहा झाला, कप तसेच पडून राहिले. मग उत्तर आलं. मुलाने ते स्वतः वाचलं.

"'ऐकलं. जमीन-अस्मानाचा फरक. तारीख तुमची.'"

ढोल्याने टेबलावर दोन्ही हातांनी ठेका धरला. वडिलांचे पाय धरू की मुक्याचे, या विचारात मुलाने दोघांच्या मधेच हात पुढे केला. साहेबांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते लॅपटॉप पिशवीत घालणाऱ्या मुक्याकडे कधी नव्हे त्या आदराने बघत होते.

"ऐक रे," ते म्हणाले. "एक तारखेला कंपनीत येतोस का? स्टोअरमध्ये नाही. माझ्या खात्यात."