बत्तीस दातांचा निरोप

गुन्हेगार मला टरकून असतात. असावेत; आजवर एकही समोर आलेला नाही. अशा या थोर सत्यशोधकाला, म्हणजे मला, भाच्याने दंतवैद्यांच्या दवाखान्यात बोलावलं, तेव्हाच प्रकरण गंभीर असल्याचं मी ताडलं. तो रडत होता, त्यावरूनही थोडं कळलं.

भाचा, आमचा ढापण्या, दवाखान्यासाठी पेशंटना निरोप पाठवणारा प्रोग्रॅम लिहीत होता. चाचणीपुरता गमतीने लिहिलेला निरोप, ‘उद्या आपले बत्तीसही दात काढण्यात येतील,’ सगळ्या खऱ्या पेशंटना गेला. आता बाहेर पेशंट खवळले होते आणि आत दंतवैद्य, म्हणजे ढापण्याचे होणारे सासरे.

"संध्याकाळपर्यंत घोळ सापडला नाही, तर लग्न मोडलं समजा!" दंतवैद्य गरजले.

"मामा, काहीतरी कर ना!" ढापण्या म्हणाला.

मी रिसेप्शनच्या बाईंचा खण उघडला. लिमलेटच्या गोळ्या! "दात किडवून गिऱ्हाईक वाढवता?"

"घसा बसलाय माझा," बाई म्हणाल्या. मी दोन गोळ्या पुरावा म्हणून खाल्ल्या.

मग समोरच्या दवाखान्यातला म्हातारा दंतवैद्य. त्याला कवळी होती. स्वतःचे दात गेलेल्याला दुसऱ्यांचे कसे बघवतील? पण त्याला मोबाइलसुद्धा धड लावता येईना. शेवटी मी खुद्द सासऱ्यांवर संशय घेतला. ढापण्याने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दंतवैद्यांची मुलगी ऑफिसातून आली. तीही प्रोग्रॅमरच. तिने लॅपटॉप ओढला.

"प्रोग्रॅममध्ये निरोप पाठवणारे दोन भाग आहेत ना? एक खरा, दुसरा लुटुपुटूचा, नुसता पडद्यावर दाखवणारा?"

"हो. त्या दुसऱ्याला मी ‘चाचणी’ असं नावही दिलंय."

"नाव दिलंस, पण मागताना घेतलंस कुठे? इथे नुसतं ‘पाठवणारा दे’ म्हटलंयस. नाव न घेता मागितलं की नेहमीचा मिळतो. नेहमीचा म्हणजे खरा."

तिने तिथे ‘चाचणी’ हा एक शब्द घातला. पुढचा निरोप पडद्यावरच थांबला. मग खऱ्याकडून पेशंटना माफी गेली.

"माझाही हाच कयास होता," मी म्हणालो. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

दंतवैद्य मात्र विरघळेनात. "असला धांदरट नको मला. जावईच हवा ना? माझा असिस्टंट आहे की! डॉक्टर आहे, रोजच्या बघण्यातला आहे."

"बाबा, मी नुसतं ‘नवरा द्या’ म्हटलं होतं का?" मुलगी म्हणाली. "नाव घेऊन सांगितलं होतं. मला ढापण्याच हवा."

दंतवैद्यांनी आ वासला. त्यांची मागची दाढ किडलेली होती. हा शोध मात्र सर्वस्वी माझा.